जुन्या डिझेल ट्रकाच्या एंजिनांतील सकाळचा ठोका : त्याची परीक्षा व निदान

१. विषयाचें महत्त्व

कार्तिक सरत आला कीं प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील मळ्यांत ऊंसतोडणीची घाई सुरू होते. अहिल्यानगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव २०२४ सालापर्यंत अहमदनगर असें होतें, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ सालीं झाला. त्यानंतर एकामागून एक सहकारी कारखाने उभे राहिले, आणि बैलगाडीच्या जोडीस ट्रॅक्टर व मोटारट्रक हीं उंसाच्या वाहतुकीचीं नित्याचीं साधनें होऊन बसलीं. आज कित्येक बागाइतदारांच्या दारीं स्वतःच्या मालकीचा ट्रक उभा असतो. तो बहुधा नवा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या हातून घेतलेला, पुष्कळ मैल चाललेला व पुष्कळ मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेला असा तो असतो.

अशा ट्रकाचें एंजिन थंडीच्या दिवसांत पहाटे सुरू केलें म्हणजे त्यांतून खणखणीत ठोके ऐकूं येतात. दहा मिनिटांनीं ते कमी होतात, किंवा अजीबात थांबतात, आणि मालक तो विषय दुसऱ्या दिवशींपर्यंत विसरून जातो. येथें दोन प्रकारच्या चुका संभवतात. कोणी तो आवाज मुळींच मनावर घेत नाहीं, आणि भर हंगामांत एके दिवशीं बेअरिंग जाऊन क्रँकशाफ्ट निकामी होते. दुसरा कोणी पहिल्याच ठोक्यास घाबरून एंजिन उघडवितो, नवे लायनर व पिस्टन घालतो, आणि एवढा खर्च करूनहि ठोका जागच्या जागींच असतो. तोडलेला ऊंस शक्य तों चोवीस तासांच्या आंत गाळला जावा. कारण तोडल्यापासून त्याचें वजन व त्यांतील साखर हीं दोन्ही घटूं लागतात. म्हणून हंगामांत ट्रक एक दिवस अडला तरी त्याची झळ केवळ गाडीस न लागतां पिकासहि लागते.

मिस्त्र्याचें काम मिस्त्र्यानेंच करावें हें खरें. तथापि एंजिन पहाटे सुरू होतें तेव्हां मिस्त्री तेथें नसतो, मालक असतो. मिस्त्र्याकडे गाडी पोंचेपर्यंत एंजिन तापलेलें असतें व आवाज नाहींसा झालेला असतो. सबब रोगाचीं लक्षणें नीट पाहून टिपून ठेवणें हें मालकाचेंच कर्तव्य ठरतें. तें कसें करावें एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे. विहिरीवरील ऑइल एंजिनाशीं आपल्या शेतकऱ्यांचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचीं व १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स कंपनीचीं एंजिनें ज्यांनीं चालविलीं, त्यांचा कान या कामास आधींच तयार झालेला आहे. ट्रकाचें एंजिन त्याच कुळांतील आहे. फरक एवढाच कीं, तेथें एका सिलिंडराऐवजीं चार किंवा सहा सिलिंडर असतात.

२. डिझेल एंजिन ठोका कां देतें

रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं जें एंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें, त्याचें मुख्य तत्त्व आजहि बदललेलें नाहीं. पेट्रोलच्या एंजिनांत ठिणगीनें मिश्रण पेटतें. डिझेल एंजिनांत ठिणगी नाहीं. सिलिंडरांत नुसती हवा ओढली जाते. पिस्टन, म्हणजे दट्ट्या, ती हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतक्या जागेंत दाबतो, आणि त्या दाबानें ती पांचशें अंश सेंटिग्रेडहूनहि अधिक तापते. अशा तप्त हवेंत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला म्हणजे तो आपोआप पेटतो.

परंतु फवारा सुटतांक्षणींच पेटत नाहीं. सुटणें व पेटणें यांमध्यें सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यांनीं मोजावा इतका अल्प विलंब असतो, आणि या विलंबांत नोझल तेल सोडीतच असतो. विलंब थोडा असेल तर थोडेंच तेल सांठतें व जळण सौम्यपणें सुरू होतें. विलंब लांबला तर पुष्कळ तेल सांठून तें एकदम भडकतें, दाब एकाएकीं चढतो, आणि त्याचा घाव पिस्टनच्या माथ्यावर बसतो. हाच डिझेलचा ठोका होय.

थंडीनें हा विलंब वाढतो. नगरकडील पठारावर पौष-माघांत पहाटेच्या वेळीं पारा कधीं कधीं दहा अंशांच्याहि खालीं उतरतो. त्या वेळीं सिलिंडरच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. वंगणाचें तेल दाट झालेलें असतें, बॅटरीचा जोर उतरलेला असतो, त्यामुळें सेल्फ एंजिनास सावकाश फिरवितो. आणि सावकाश फिरणाऱ्या जुन्या एंजिनांत झिजलेल्या रिंगांच्या कडेनें हवेस निसटावयास अधिक अवसर मिळतो. ज्या जुन्या एंजिनांत मुख्य कक्षाआधीं छोटा पूर्वकक्ष असतो, त्यांत आरंभीं ऊब देण्याकरितां हीटर प्लग बसविलेले असतात. त्यांपैकीं एखादा जळाला असेल तर त्या सिलिंडराची सकाळ विशेष कठीण जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. थंड हवेंत पहिलें एक-दोन मिनिट सर्व सिलिंडरांतून सारखा येणारा व झपाट्यानें सौम्य होणारा ठोका हा जुन्या डिझेल एंजिनाचा स्वभाव आहे. तो रोग नव्हे. रोग कोणता तें यापुढें पाहूं.

३. एंजिन सुरू झाल्यानंतरचे चार पालट

‘एंजिन गरम झालें आणि आवाज गेला’ असें सर्वजण म्हणतात. या एका वाक्यानेंच पुष्कळदा निदान चुकतें. कारण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत एंजिनांत नुसती उष्णता वाढते असें नाहीं. निरनिराळ्या चार गोष्टी पालटत असतात, व प्रत्येकीचा वेळ वेगळा आहे.

पहिली गोष्ट वंगणाच्या तेलाचा दाब. रात्रभर उभ्या असलेल्या एंजिनांतील तेल खालीं कढईंत उतरलेलें असतें. तें पंपानें पुन्हा बेअरिंगांपर्यंत पोंचावयास कांहीं सेकंद लागतात.

दुसरी गोष्ट जळणाच्या जागेची ऊब. ती अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटांपर्यंत येते, आणि तिच्याबरोबर वर वर्णिलेला जळणाचा ठोका सौम्य होतो.

तिसरी गोष्ट धातूंचें प्रसरण. पिस्टन अॅल्युमिनियमचा व सिलिंडर बिडाचा असतो. सारख्याच उष्णतेनें अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. म्हणून थंड असतांना पिस्टन सिलिंडरांत सैल असतो व इकडून तिकडे आपटतो. तापल्यावर तो फुगून ही फट भरून निघते. यास पांच ते पंधरा मिनिटें लागतात.

चौथी गोष्ट हवेच्या टाक्या. ज्या ट्रकास हवेच्या दाबाचे ब्रेक आहेत, त्याच्या टाक्या रात्रींतून गळून सकाळीं रिकाम्या झालेल्या असतात. एंजिन सुरू होतांच हवेचा काँप्रेसर त्या भरूं लागतो. टाक्या भरल्या कीं त्याच्यावरील भार आपोआप उतरतो व तो नुसता फिरत राहातो. यासहि कांहीं मिनिटें लागतात.

आतां आवाज गेला तो या चार गोष्टींपैकीं कोणत्या गोष्टीबरोबर गेला, हा निदानाचा मुख्य प्रश्न आहे. विशेषतः तिसरी व चौथी गोष्ट जवळजवळ एकाच वेळांत घडते. आणि म्हणूनच काँप्रेसरचा दोष पिस्टनच्या माथीं मारला जाण्याचा संभव फार असतो.

४. परीक्षेची सिद्धता

परीक्षेपूर्वीं गाडी निदान आठ तास उभी असावी. जागा सपाट असावी. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हातब्रेक ओढावा व चाकांस उटी लावावी, कारण हवेच्या टाक्या रिकाम्या असतांना ब्रेकवर विसंबतां येत नाहीं. एंजिन बंद पडवींत चालवूं नये. त्याचा धूर विषारी असतो. धोतराचा सोगा, उपरणें, मफलर व सैल बाह्या पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्या. मुलांना जवळ येऊं देऊं नये.

साहित्य थोडेंच लागतें : एक घड्याळ, एक साधा उष्णतामापक, एक वही, आणि हातभर लांबीची सरळ लाकडी काठी. काठीचें एक टोक एंजिनाच्या अंगास लावून दुसरें कानाशीं धरलें असतां आवाजाचें ठिकाण स्पष्ट कळतें. काठी फिरणाऱ्या भागास मात्र लावूं नये.

सेल्फ मारण्यापूर्वीं तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल कमी असेल तर भरावें. तेल आपोआप वाढलेलें दिसलें तर तें अधिक चिंतेचें लक्षण समजावें : त्यास डिझेलचा वास येत असेल तर एखादा नोझल गळत आहे किंवा पंपांतून डिझेल आंत झिरपत आहे, तें ताकासारखें पांढुरकें दिसत असेल तर त्यांत पाणी मिसळलें आहे. या दोन्ही स्थितींत एंजिन सुरूच करूं नये.

५. पहिली परीक्षा : आवाज केव्हां थांबतो

सेल्फनें किती सेकंदांत एंजिन धरलें, तेलाच्या दाबाचा कांटा केव्हां वर चढला, हवेच्या दाबाचा कांटा केव्हां पूर्ण झाला व आवाज केव्हां थांबला, या चार वेळा वहींत लिहाव्या. ओळीनें तीन सकाळीं हेंच करावें. एका दिवसाच्या निरीक्षणावर विसंबूं नये.

आवाज दोन-चार सेकंदच राहून तेलाचा दाब येतांच थांबत असेल, तर तेल पोंचण्यास उशीर होतो एवढाच त्याचा अर्थ. फिल्टरांतील तेल मागें परतूं न देणारी झडप बिघडलेली असणें, तेल हवामानास न शोभणारें दाट असणें, किंवा बेअरिंगें थोडीं झिजलेलीं असणें, हीं त्याचीं कारणें होत. प्रथम योग्य जातीचें तेल व चांगला फिल्टर घालून पाहावा. तेवढ्यानें पुष्कळदा काम भागतें.

आवाज दोन-तीन मिनिटांत सौम्य होत असेल व त्याबरोबर पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर येऊन तोहि कमी होत असेल, तर तो जळणाचा ठोका. तो सर्व सिलिंडरांतून आहे कीं एकांतूनच, हें पुढील परीक्षेनें ठरवावें.

आवाज पांच-दहा मिनिटें राहून हळूहळू विरत असेल, तर पिस्टनचें आपटणें असावें. तो पुष्कळ मिनिटें राहून एकदम, जणुं कळ दाबल्याप्रमाणें, थांबत असेल तर काँप्रेसरचा संशय घ्यावा. धातु हळूहळू फुगते, परंतु काँप्रेसरचा भार एका क्षणांत उतरतो. हा भेद फार उपयोगी आहे.

आवाज मुळींच न थांबतां एंजिन तापल्यावर अधिक जड होत असेल, तर तो सर्वांत धोक्याचा. तापलेलें तेल पातळ होतें व झिजलेल्या बेअरिंगांतील फट त्यानें भरून निघत नाहीं. अशा आवाजाबरोबर तेलाचा दाबहि उतरलेला असेल, तर एंजिन तत्काळ बंद करावें व गाडी ओढून न्यावी.

६. दुसरी परीक्षा : आवाज कोठून व कोणत्या लयीनें येतो

काठी क्रमानें वरील झांकणावर, सिलिंडरांच्या बाजूवर, तेलाच्या कढईच्या काठावर, पुढील गिअरांच्या पेटीवर, डिझेल पंपावर व काँप्रेसरवर लावून ऐकावें. वरील झांकणावर हलकी, पातळ टकटक स्पष्ट असेल तर टॅपेटमधील फट वाढलेली असते; ती फीलर गेजनें, एंजिनाच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापाप्रमाणें, एंजिन पूर्ण थंड किंवा पुस्तिकेंत सांगितलें असेल त्या स्थितींत जुळवावी. कढईच्या बाजूस खोल व जड ठोका असेल तर बेअरिंगांचा विचार करावा.

लयीनेंहि पुष्कळ कळतें. एंजिन मिनिटास सहाशें फेरे घेत असतांना क्रँकशाफ्ट सेकंदास दहा वेळां फिरते. पण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदांच पेटतो, आणि झडपाहि दोन फेऱ्यांत एकदांच उघडतात. म्हणून टॅपेटचा व जळणाचा ठोका सेकंदास पांच, तर क्रँकशीं थेट संबंध असलेल्या भागाचा सामान्यतः दहा असा पडतो. सेकंदास पांच ठोके मोजणें कठीण आहे. परंतु टॅपेटची टकटक व संशयित ठोका एकाच वेळीं ऐकून दोहोंची लय सारखी आहे कीं दुप्पट, हें ज्याच्या कानास भजनांतील टाळाची संवय आहे त्यास सहज कळेल.

एंजिनाशीं संबंध नसलेले आवाजहि याच वेळीं वगळावे. क्लच दाबतांच खडखड थांबली तर दोष गिअरपेटीच्या बाजूचा आहे. एक्झॉस्टच्या जोडाशीं गॅस्केट फुटलें असेल तर तेथून फट्-फट् असा आवाज येतो. लोखंड तापून फट मिटली कीं तो कमी होतो, आणि त्या जागीं काजळीचा काळा डाग दिसतो. एंजिनाचे रबरी पाये फाटले असतील तरीहि गार एंजिनाचे हिसके चासीवर आदळून ठोका वाटतो.

७. तिसरी परीक्षा : एकेक सिलिंडर बंद करून पाहणें

ही परीक्षा जुन्या जातीच्या, यांत्रिक डिझेल पंप असलेल्या एंजिनावरच करावी. ज्यांत प्रत्येक सिलिंडरास पंपापासून वेगळी नळी जाते असें सहा सिलिंडरांचें टाटा ६९७ हें या जातीचें परिचित उदाहरण होय. नव्या, कॉमन रेल पद्धतीच्या एंजिनावर ही परीक्षा कदापि करूं नये. तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरास हजार किलोहून पुष्कळ अधिक असतो. जुन्या एंजिनांतहि नोझलपाशीं दाब दोनशें किलोच्या आसपास असतो. ती धार कातडींतून सरळ आंत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, परंतु तिनें बोट किंवा हात गमवावा लागतो. तशी जखम झाल्यास वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें व डिझेल आंत शिरल्याचें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. म्हणून हें काम अनुभवी फिटरकडूनच, चष्मा लावून करवावें. मालकानें बाजूस उभें राहून निकाल लिहून घ्यावा.

एंजिन मंद चालत असतांना एका नोझलकडे जाणाऱ्या नळीची चकती पाऊण-एक आटा ढिली केली म्हणजे त्या सिलिंडरास डिझेल मिळत नाहीं व तो पेटणें बंद होतो. आवाज ऐकून चकती पुन्हा आवळावी व पुढील सिलिंडराकडे वळावें. निकालाचे तीन प्रकार संभवतात.

(अ) एक सिलिंडर बंद करतांच ठोका साफ नाहींसा झाला, तर दोष त्या सिलिंडरांतील जळणाचा आहे. मग त्या सिलिंडराचा नोझल दुसऱ्या सिलिंडरावर व तेथील इकडे बसवावा. ठोका नोझलबरोबर दुसरीकडे गेला तर नोझलच सदोष आहे, आणि तेवढाच दुरुस्त करावा. ठोका पहिल्याच जागीं राहिला तर त्या सिलिंडरांत हवा पुरेशी दाबली जात नाहीं असें समजून काँप्रेशनची मापणी करवावी.

(ब) ठोका बोथट झाला पण गेला नाहीं, तर पिस्टन, त्याची पिन किंवा त्या सिलिंडराचा कनेक्टिंग रॉड यांत सैलपणा आहे. जळणाचा भार काढल्यानें घाव हलका झाला, एवढेंच.

(क) कोणताहि सिलिंडर बंद केला तरी कांहींच फरक पडला नाहीं, तर टॅपेट, गिअर, मुख्य बेअरिंग अथवा काँप्रेसरसारखा जोडभाग यांकडे पाहावें.

सर्व सिलिंडर सारखेच ठोकत असतील तर कारणहि सर्वांना समान असणार : डिझेल भेसळीचें किंवा पाण्याचें, पंपाची वेळ पुढें सरकलेली, किंवा सर्वच रिंगा झिजलेल्या. पंपाची वेळ पुढें असेल तर ठोका गरम एंजिनांतहि राहातो. वेळ मागें पडली असेल तर ठोक्याऐवजीं पांढरा धूर व ताकदीची उणीव दिसते.

८. एक उदाहरण

समजा, संगमनेर भागांतील एका बागाइतदाराच्या जुन्या ट्रकांतून रोज सकाळीं कडक टक्-टक् असा आवाज येतो व पांच-सहा मिनिटांनीं थांबतो. फिटर म्हणतो कीं, पिस्टन सैल झाले, एंजिन उघडून नवे लायनर घालावे लागतील. मालकानें तीन सकाळीं वही ठेविली. तीन्ही दिवशीं आवाज हळूहळू न विरतां एकदम थांबला, आणि तीन्ही दिवशीं हवेच्या दाबाचा कांटा पूर्ण झाला त्याच क्षणीं थांबला. एकेक सिलिंडर बंद केला असतां कांहींच फरक पडला नाहीं.

येथपर्यंतचा पुरावा काँप्रेसरकडे बोट दाखवितो; परंतु तो अद्याप निर्णायक नाहीं, कारण उष्णता व हवेचा दाब हीं दोन्ही बरोबरच वाढत होतीं. दोहोंस वेगळें केल्याशिवाय निकाल लागावयाचा नाहीं. तो मार्ग असा : दुपारीं, एंजिन पूर्ण तापलेलें व टाक्या भरलेल्या असतांना, गाडी सपाट जागीं उटी लावून उभी करावी, आणि कांटा पुरेसा खालीं येईपर्यंत ब्रेकचें पाऊल वारंवार दाबावें. आतां उष्णता कायम आहे, फक्त हवा कमी झाली. टक्-टक् पुन्हा सुरू झाली व कांटा भरतांच थांबली, तर पिस्टन निर्दोष ठरले; दोष काँप्रेसरचा. आवाज मुळींच आला नाहीं, तर उष्णतेशींच त्याचा संबंध आहे व पिस्टनची शंका बळकट होते.

आमच्या कल्पित मालकाच्या गाडींत टक्-टक् परत आली असें समजूं. मग एंजिन उघडण्याचें कारण राहिलें नाहीं. काँप्रेसर तेवढा उतरवून दुरुस्त करावयाचा. परंतु ‘एंजिन तर शाबूत आहे’ म्हणून दुरुस्ती हंगामानंतरवर ढकलणें ही त्याहून मोठी चूक होईल. काँप्रेसर हा ब्रेकांचा प्राण आहे. उंसानें भरलेली गाडी चंदनापुरी घाटांत किंवा इमामपूरच्या घाटांत उतरत असतांना तो दगा देईल तर प्रश्न पैशाचा राहात नाहीं, माणसांच्या जिवाचा होतो. शिवाय टाक्या एका रात्रींत रिकाम्या होतात याचा अर्थ हवा कोठें तरी गळत आहे; साबणाचें पाणी लावून जोडावरील बुडबुड्यांनीं ती गळतीहि त्याच वेळीं शोधावी.

९. वर्ज्य उपाय व योग्य काळजी

ठोका दडपण्यासाठीं जे उपाय सर्रास केले जातात, त्यांपैकीं बरेच अपायकारक आहेत. एंजिन सुरू होतांच जोरानें रेस देऊं नये. बेअरिंगांवर तेल पोंचण्यापूर्वींच तीं घासलीं जातात. कढईखालीं पाचटाचा जाळ करूं नये. वाळल्या फडांत एका ठिणगीनें गाडी व ऊंस दोन्ही जातील. एंजिन लवकर धरावें म्हणून हवेच्या तोंडांत ईथरचा फवारा मारूं नये. तो अवेळीं भडकून पिस्टन व रिंगा फोडतो, आणि हीटर प्लग असलेल्या एंजिनांत तर स्फोटाचें भय असतें. डिझेलमध्यें रॉकेल मिसळूं नये. त्याचें वंगणाचें सामर्थ्य कमी असल्यामुळें पंप व नोझल लवकर झिजतात. बेअरिंगचा आवाज झांकण्यासाठीं दाट तेल घालणें म्हणजे रोग्याच्या कण्हण्यावर उपाय करून रोग तसाच ठेवणें होय. सकाळच्या थंडींत तें तेल आणखीच उशिरां पोंचतें.

योग्य काळजी साधी आहे. बॅटरीचीं टोकें स्वच्छ व घट्ट ठेवावीं. सेल्फ जोरानें फिरला तर अर्धा ठोका तेथेंच कमी होतो. डिझेल फिल्टरच्या तळचें पाणी नियमानें काढावें. डिझेलची टाकी संध्याकाळींच भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेंतील हवेंतून पाण्याचे थेंब आंत जमत नाहींत. शेतांत पिंपांत सांठविलेलें डिझेल वापरतांना तळचें टोपलीभर गाळ-पाणी गाडींत जाऊं देऊं नये. आजच्या डिझेलचा सिटेन अंक, म्हणजे चटकन् पेटण्याचा गुण, किमान ५१ ठरलेला आहे. तेव्हां चांगल्या पंपावरील ताजें डिझेल असतां प्रत्येक ठोक्याचा दोष डिझेलवर घालणें उचित नाहीं. एंजिन सुरू झाल्यावर दोन-एक मिनिटें मंद चालवून मग गाडी हळूहळू चालूं करावी व पूर्ण तापेपर्यंत भर लोडाचा चढ घेऊं नये.

दर वेळीं तेल बदलतांना जुना फिल्टर कापून पाहावा. त्यांत चमकणारा कीस दिसल्यास त्यास लोहचुंबक लावावें. चुंबकास चिकटला तर तो लोखंडी भागांचा. न चिकटणारा पांढरट किंवा तांबूस कीस बेअरिंगच्या धातूचा असण्याचा संभव मोठा, आणि मग ठोका ऐकूं येवो वा न येवो, कढई उतरवून बेअरिंगें पाहण्याची वेळ आली असें समजावें.

१०. सारांश

गाडी कोणत्या स्थितींत चालवावी व कोणत्या स्थितींत जागींच थांबवावी, एवढें मालकास नक्की ठाऊक असलें पाहिजे. थंडींत सर्व सिलिंडरांतून येऊन दोन-तीन मिनिटांत सौम्य होणारा ठोका असल्यास गाडी निःशंकपणें चालवावी. एका सिलिंडराचा ठोका, टॅपेटची टकटक किंवा हळूहळू विरणारें पिस्टनचें आपटणें असल्यास काम चालूं ठेवून दुरुस्तीची तारीख ठरवावी. पिस्टनचा आवाज दर महिन्यास अधिक वेळ टिकत असेल तर ती तारीख हंगाम संपतांच असावी. काँप्रेसरचा दोष असल्यास भरलेली गाडी घाटांत घालण्यापूर्वीं दुरुस्ती करावी. गरम झाल्यावर वाढणारा जड ठोका, उतरलेला तेलाचा दाब, किंवा तेलांत पाणी अथवा डिझेल, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास एंजिन त्या क्षणीं बंद करावें. तेथें आणखी एक खेपहि करूं नये.

ऊंसतोडीच्या टोळ्या येण्यापूर्वीं, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, प्रत्येक ट्रकमालकानें आपल्या गाडीची तीन सकाळींची वही तयार करून ती फिटरच्या हातीं द्यावी, अशी आमची सूचना आहे. त्या वहीस मोल पडत नाहीं. तिच्यामुळें फिटरचा तर्क कमी होतो व मालकाचा पैसा वांचतो. जनावराच्या हंबरण्यावरून त्याचें दुखणें ओळखणारा शेतकरी एंजिनाचें दुखणेंहि ओळखूं शकेल. त्यासाठीं त्यानें आवाजाबरोबर घड्याळ व कांटे यांकडेहि लक्ष देण्याची संवय लावून घ्यावी.